काढणीच्या दिवसांतला सिद्धांत

ज्वारी काढायला आली की माझे तळहात खाजायला लागतात. खरंच सांगते. राहते केडगावात, नोकरी कॉलेजात, शेताशी संबंध म्हणाल तर कुंडीतल्या कढीपत्त्यापुरता. पण माघ सरत आला, उन्हाला जरा धार आली, आणि सोलापूर रस्त्यानं जाताना दोन्ही अंगांना ज्वारीच्या पेंढ्या आडव्या पडलेल्या दिसल्या की हाताला ती जुनी खाज आपोआप सुटते. नवरा म्हणतो, मनाचे खेळ आहेत. असतील बापडे. मी खोबरेल लावते आणि गप्प बसते.

यंदा खाज जरा जास्तच सुटली, त्याला कारण माझा एक विद्यार्थी. माझ्याकडे पीएच.डी. करतो, पारनेरकडचा आहे, गुणी पोरगा. एका विहिरीवर सहा घरं पाण्याच्या पाळ्या कशा लावतात, कोण कुणासाठी आपली पाळी सोडतं, यावर त्यानं इतकं सुंदर टिपून आणलंय की वाचताना मला मोटारीचा आवाज ऐकू येत होता. मी कौतुक करायला तोंड उघडणार, तोच हा म्हणतो, “मॅडम, आता याला कुठला सिद्धांत लावू?”

लावू! भिंतीला डिस्टेंपर लावतात तसा. माझं डोकंच सणकलं. चार-पाच परदेशी नावं त्यानं चिठ्ठीवर लिहून आणली होती, यातलं कुठलं चालेल ते मी सांगायचं. दुकानात शर्टाला जुळणारं कापड मागतात तसलाच प्रकार. “आधी चहा घे,” म्हटलं आणि आत जाऊन उगीचच गॅस मोठा केला. दूध उतू जायला आलं तसा राग खाली बसला, कारण याच प्रश्नावरून मी कित्येक वर्षांपूर्वी, याच दिवसांत, एका माणसाशी भांडले होते. आणि त्या माणसानं मला ओट्यावर चहा ठेवून टाळलं नव्हतं.

ते माझे सर. मार्गदर्शक. नगरच्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवत. बुटके, डोक्यावर टक्कल, शर्टाच्या खिशाला शाईचा कायमचा डाग. आयुष्यभर त्यांनी एकच काम प्रेमानं केलं होतं, परदेशी विचारवंतांना मराठीत आणायचं. एकेका संज्ञेला मराठी शब्द शोधत ते आठवडेच्या आठवडे घालवायचे. शब्द मनाजोगता बसला की त्या दिवशी स्टाफरूममध्ये भजी. “आज काय सर, भजी?” असं विचारलं की लहान मुलासारखे लाजायचे आणि तो शब्द दोनदा मोठ्यानं म्हणून दाखवायचे. खेड्यातल्या पोरांना जगातली मोठी डोकी आपल्या भाषेत भेटली पाहिजेत, हा त्यांचा ध्यास होता. मीही त्यांच्याच मराठीतून ती डोकी ओळखायला शिकले.

पण स्वतःचं म्हणून काही मांडायचं म्हटलं की सर मागं सरायचे. माझ्या प्रकरणाच्या कडेला त्यांच्या पेन्सिलीचा बारीक प्रश्न ठरलेला, ‘हे कुणाच्या मते?’ मी म्हणायची, “माझ्या मते.” ते म्हणायचे, “ते चालत नाही गं.” एकदा फार खोदून विचारल्यावर त्यांनी हसत हसत सांगितलं. तरुणपणी एका मोठ्या परिषदेत त्यांनी स्वतःचा विचार मांडला होता, गावच्या भावकीबद्दलचा. चहाच्या वेळी एक नामांकित प्राध्यापक खांद्यावर हात ठेवून म्हणाले, छान आहे, स्थानिक तपशील छान आहे. बस्स. “माल आपण पुरवायचा, कारखाना तिकडचा,” सर म्हणाले आणि बशीत चहा ओतला. त्यांच्या हसण्याचं मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

माझा विषय होता सावड. आज तुझ्या रानात आम्ही, उद्या आमच्या रानात तुम्ही, मजुरी कुणी कुणाला द्यायची नाही. मिरजगावच्या अलीकडे एका वस्तीवर मी गयाबाईंच्या घरी राहिले होते. गयाबाई साठीच्या, अंगानं वाळलेल्या, तोंडानं तिखट. सकाळी उठवताना म्हणायच्या, “ऊठ गं मास्तरीण, ऊन डोक्यावर आलं,” आणि बाहेर बघावं तर अजून फटफटतही नसायचं. शाळूचं रान वस्तीला लागूनच होतं. आमच्याकडची ज्वारी विळ्यानं कापत नाहीत, मुळासकट उपटतात. दोन्ही हातांनी धाटं धरायची, कंबरेतून हिसडा द्यायचा, मुळाला आलेलं काळं ढेकूळ पायावर आपटून झाडायचं, आडवं टाकायचं. पहिल्या दिवशी मला वाटलं, हे तर जमलं. दुसऱ्या दिवशी फोड आले. तिसऱ्या दिवशी गयाबाईंनी जुन्या लुगड्याच्या चिंध्या माझ्या हातांना बांधल्या आणि म्हणाल्या, “आता कसं, नवरीवानी दिसतीस.”

काढणीत बायका रांगेनं उभ्या राहतात. प्रत्येकीच्या वाट्याला चार-सहा ओळींचा पट्टा, त्याला म्हणतात पात. सगळ्या आपापली पात धरून एका दमानं पुढं सरकतात. मी तरणीताठी, शिवाय नगरची, म्हणजे दाखवून द्यायची खुमखुमी. एके सकाळी अशी सुटले की बांध गाठूनच वर बघितलं. कपाळाचा घाम पुसत मागं वळले, तर सगळी रांग पार रानाच्या मध्यावर आणि माझ्याकडे बघून हसतेय. गयाबाई कंबरेवर हात ठेवून ओरडल्या, “अगं ए, यकटीच कुटं निघालीस? यष्टी चुकंल का काय तुजी?” ते हसणं अजून ऐकू येतं मला. तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं की झपाझप उपटणाऱ्या बायका पुढं जातच नव्हत्या. हात मोकळा झाला की शेजारणीच्या पातीतली चार धाटं उपटायची, तिला बरोबरीला आणायचं, मग पुढचं पाऊल. कुणी सांगत नव्हतं, कुणी आभार मानत नव्हतं. रांग मोडायची नाही, इतकंच.

आणि खरी गंमत पुढंच आहे. गयाबाईंची थोरली सून विमल आणि तिची चुलतजाऊ, दोघींचं बांधावरून हाडवैर. दोन वर्षं बोलणं बंद, हळदीकुंकू बंद. पण पातीत दोघी शेजारी लागल्या आणि जाऊ मागं पडली, तर विमल तोंड फिरवून, हो, अक्षरशः तोंड फिरवून तिच्या पातीतली धाटं उपटत होती! दुपारी भाकरीला बसल्यावर मी हळूच विचारलं, “बोलत नाही ना गं तुम्ही?” विमलनं ठेच्याचं बोट चाटलं. “न्हाईच बोलत. ती मेली तरी न्हाई बोलायची. म्हनून काय पात मोडू?”

मी भाकरी तशीच हातात धरून बसले. पुस्तकात मी शिकले होते, माणसं एकमेकांना मदत करतात ती परतफेडीच्या आशेनं, किंवा मग मनं जुळलेली असतात म्हणून. इथं विमलच्या डोक्यात हिशेब नव्हता आणि मनात माया तर त्याहून नव्हती. तिला बांधून ठेवलं होतं ते त्या सरळ रांगेनं. काम आधी, त्यातून रांग, आणि रांगेतून एक वेगळंच नातं, रुसवेफुगवे पोटात घालून चालणारं. मी त्याला नाव दिलं, ‘पातीचं नातं’. नाव सुचलं तेव्हा मी एकटीच गोठ्याशी उभी होते आणि म्हशीला मिठी मारावी इतका आनंद झाला होता.

सरांना नाही झाला. माझं प्रकरण वाचून त्यांनी नेहमीसारखी पेन्सिल चालवली. मी भांडले. म्हटलं, सर, यावर कुणाचाच सिद्धांत लागत नाही, हा आपला आहे, इथल्या मातीतून निघालेला. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी ते निवृत्त होणार होते. त्याआधी या प्रकरणावर त्यांची मंजुरीची सही झाली नाही, तर नवा मार्गदर्शक, नवा प्रस्ताव, सगळं पहिल्यापासून. आणि नव्या माणसानं हे प्रकरण ठेवलंच असतं याची काय खात्री? हे त्यांनाही माहीत होतं. “तुझी गाडी अडेल गं,” ते म्हणाले. “एखादं नाव टाक ना वर. तुझं खाली राहू दे.” मी म्हटलं, “नाही टाकणार.” माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचाच मला जास्त राग आला.

आणि मग एका सकाळी सर चक्क वस्तीवर आले. आता फाट्यावरच्या पाट्यांवर अहिल्यानगर लिहिलंय, कंडक्टर मात्र अजून ‘नगर, नगर’ असंच ओरडतो. तर त्या नगरच्या गाडीतून उतरून, डोक्याला रुमाल बांधून, पिशवीत काकूंनी दिलेल्या दशम्या घेऊन, ढेकळं तुडवत सर आले. गयाबाईंनी मला कोपरखळी मारली, “तुजं मास्तर का? लईच बारकं हाय.” लिंबाखाली त्यांना घोंगडी अंथरून दिली. दिवसभर तिथं बसून ते नुसते बघत होते. मधेच चष्मा पुसायचे, परत बघायचे. मी आपली पातीत वाकलेली, पण सगळं लक्ष लिंबाकडे, परीक्षेला बसल्यासारखं.

उन्हं कलल्यावर मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. त्यांनी अर्धी दशमी माझ्यापुढं केली.

“सुंदर आहे,” ते म्हणाले.

“मग?”

“मग काय, सुंदर आहे. हे मोडतं कुठं?”

“मोडतच नाही, सर. तेच तर सांगतेय मी.”

“मग ती कडेची बाई?”

कडेला हौसाबाई होत्या. वस्तीच्या पलीकडे राहायच्या, एकट्याच रोजंदारीवर आलेल्या, कारण त्या दिवशी माणसं कमी पडत होती. मी बघितलं. सगळ्या रांगेचा बांध जवळ आला होता आणि हौसाबाईंची पात एकटीच मागं राहिली होती. दुपारपासून तशीच असणार. शेजारच्या बाईचा हात त्यांच्या धाटांना एकदाही लागला नव्हता आणि मी दिवसभर त्याच रांगेत असून ते माझ्या नजरेला आलं नव्हतं.

गयाबाईंना विचारलं तर त्यांना प्रश्नच कळेना. “अगं, ती रोजानं हाय की!” त्यात ना आकस, ना लाज. मग मी हौसाबाईंकडे गेले. त्या ढेकूळ झाडत म्हणाल्या, “मला काडू लागल्यावर मी कुटं फेडू, बाई? माजं रान हाय का?” आणि परत वाकल्या. मी त्यांच्या पातीत शिरले आणि अंधार पडेस्तोवर उपटत राहिले. त्यानं काही सुटत नव्हतं, पण दुसरं काय करायचं तेही सुचत नव्हतं.

फाट्यावर गाडीची वाट बघताना सर म्हणाले, “आपलं आहे म्हणून गोंजारायचं नाही हं. बाहेरच्यांना आपण जे प्रश्न विचारतो, तेच घरच्यांना विचारायचे. नाहीतर तो सिद्धांत नव्हे, आरती झाली.” मी मान खाली घातली. त्यांनी माझ्या हाताच्या चिंध्यांकडे बघितलं आणि आवाज एकदम मऊ केला, “काकूंनी हळदीचं तूप दिलंय, ते लाव. आणि प्रकरण परत लिही.” गाडी आली. खिडकीतून त्यांचा रुमाल बांधलेला चेहरा दिसला, आणि मला त्यांची इतकी माया आली की ओरडून काहीतरी सांगावंसं वाटलं.

मी परत लिहिलं. पातीचं नातं कुणाला धरतं आणि कुणाला वगळतं, रान असणारीला वर ओढणारी तीच सरळ रांग बिनरानाच्या बाईला कशी मागं सोडते, आणि त्यात कुणाला काही वावगंही वाटत नाही, हे सगळं लिहिलं. पहिल्या मांडणीपेक्षा ते कडू झालं होतं, पण खरं झालं होतं. सरांनी वाचलं. पेन्सिल चालली नाही. तरी सहीही झाली नाही. म्हणाले, “मी आयुष्यभर एकच ओळखत आलो, काय शिकवता येतं आणि काय नाही. शनिवारी माझा शेवटचा तास आहे. हे शिकवून बघतो. वर्गात उभं राहिलं तर सही.”

आज माझ्या विद्यार्थ्याला हे सांगितलं तेव्हा तो घाबरून म्हणाला, “मॅडम, असं कुठं असतं का?” नसतं रे राजा. पण आमच्या सरांकडे होतं.

तो शनिवार मला उन्हासकट आठवतो. परीक्षा तोंडावर आलेली, वर्गात घामाचा आणि झेरॉक्सच्या कागदांचा वास, वर पंखा नुसता कुरकुरतोय. मी शेवटच्या बाकावर जाऊन बसले. सर आले. त्यांची पद्धत ठरलेली, फळ्यावर आधी सिद्धांताचं नाव, खाली विचारवंताचं नाव, कंसात जन्म-मृत्यूची सालं. त्या दिवशी त्यांनी लिहिलं, ‘पातीचं नातं’, आणि खडू खाली ठेवला.

“सर, कुणाचा सिद्धांत?” पोरं पेन उघडून थांबलेली.

“शेवटच्या बाकावर बसलीय बघा.”

सगळा वर्ग मागं वळला. मला बाकाखाली शिरावंसं वाटलं. एकानं निरागसपणे विचारलं, “सर, कंसात काय लिहू?”

“जन्मसाल विचारून घे तिला,” सर म्हणाले, “पुढची जागा मोकळी ठेव.”

वर्ग खो-खो हसला. मीही हसले, आणि मग सर शिकवायला लागले. काय शिकवलं त्यांनी! विमल आणि तिची जाऊ, गयाबाईंची यष्टी, सगळं त्या वर्गात आलं. पोरं खेड्यातली, कुणाची आई काढणीलाच गेलेली. माना डोलत होत्या. मागून प्रश्न आला, “सर, हे परीक्षेला येणार का?” “नाही,” सर म्हणाले. तीन-चार पेनं मिटली, पण कान मिटले नाहीत. मग त्यांनी हौसाबाईंबद्दल सांगितलं, आवाज खाली आणून, आणि म्हणाले, जिच्याकडे रान नाही, तिची पात कुणी धरत नाही. इथं हा सिद्धांत थांबतो.

मी सुटकेचा निःश्वास टाकला. उभं राहिलं होतं.

तेवढ्यात भिंतीकडच्या बाकावरची एक मुलगी उठली. सारिका. तिसगावची, होस्टेलवर राहायची, वर्षभरात तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, “सर, हे चुकलंय.”

खरं सांगायचं तर आधी रागच आला. म्हटलं, हिला आजच बोलायचं होतं? सही हातातोंडाशी आलेली, आणि ही कोण टिकोजीराव!

“काय चुकलंय?” सरांनी विचारलं.

“बिनरानाच्या बाईची पात कोनीच धरत न्हाई, हे चुकलंय. मॅडमनी त्या बाईला यकटीलाच बगितलं, रानवाल्या बायांच्या रांगंत. तिच्यासारक्या धा जनींत बगायला पायजे हुतं. माजी आई ऊसतोडीला जाती, आत्ताबी तिकडंच हाय. मागच्या साली ती तापानं फणफणली, तर टोळीतल्या बायांनी तिच्या वाट्याचा ऊस तोडून दिला, मुकादमाला कळू न देता. त्यांच्यात कुनाला रान हाय? कोन कुनाचं फेडनार हाय?” ती आता थांबत नव्हती. “मॅडमनी रान असनारांचीच पात बगितली. आमची पात निराळी असती.”

ती बरोबर होती. सगळं प्रकरण माझ्या डोळ्यांदेखत परत उसवलं जात होतं, आणि मी सरांकडे बघायला घाबरत होते. बघितलं तर त्यांनी चष्मा काढला होता आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. ते हसतही होते. वर्गाला कळेना, सरांना झालंय काय.

“ऐकलंस का गं?” ते माझ्याकडे बघून म्हणाले. “जगातली मोठमोठी माणसं मी या वर्गात आणली. पोरांनी ती पाठ केली, परीक्षेत लिहिली आणि सोडून दिली. कुणालाही, कधीही, कुणी चूक म्हटलं नाही. म्हणायला ते आपले कोण होते?”

ते बाकांमधून चालत माझ्यापर्यंत आले, हात पुढं केला. मी पिशवीतून प्रकरण काढून दिलं. त्यांनी ते माझ्याच बाकावर ठेवलं, पेन झटकलं आणि सही केली. मी कागद दोन्ही हातांनी धरून ठेवला. सारिका बोलायची थांबून आमच्याकडे बघत होती. सरांनी मान वर केली.

“अगं, तू का थांबलीस? हे आमचं चालू दे. तू बोल.”